कवडी विहिरीत का पडली नाही

एका जंगलात, बाळांनो, दर सोमवारी सगळी मेंढरं विहिरीत पडत.

इतर दिवशी ती पूर्वेच्या माळावर चरायची. सोमवारी पश्चिमेच्या टेकडीवर जायची, आणि त्या वाटेत एक जुनी विहीर होती. तिला कठडा नव्हता. मेंढरं उन्हात कशी चालतात, पाहिलंय ना तुम्ही? प्रत्येकीची मान पुढचीच्या पोटाखाली. सगळ्यांच्या पुढे धोंडाजी एडका असायचा. पण पुढाऱ्याचं लक्ष नेहमी मागे, सगळी येतायत ना याकडे. त्यामुळे आधी धोंडाजी धप्प, आणि मग एकामागून एक बाकीची धप्प धप्प. एकूण चाळीस.

पाणी गळ्याइतकंच होतं. थोड्या वेळाने हत्तीमामा यायचे आणि सोंडेने एकेकीला वर काढायचे. मेंढरं अंग झटकून चरायला जायची. वर्षानुवर्षं हे असं सुरळीत चाललं होतं.

एका सोमवारी मात्र हत्तीमामांनी मोजलं, तर एकोणचाळीसच भरली. चाळिसावी कुठे? रांगेत सगळ्यांत मागे असलेली चाळिसावी विहिरीच्या काठावर उभी होती. अगदी कोरडी. तिचं नाव कवडी. तिच्या पायाशी तिची लेक बोरी होती. बोरीचा हा कळपाबरोबरचा पहिलाच सोमवार.

"अगं बाई, तू पडली नाहीस?" भागाक्का म्हणाली. भागाक्का कळपातली सगळ्यांत म्हातारी मेंढी. तिच्या कानांतून पाणी गळत होतं. "बरं वाटत नाही का तुला?"

"बरं आहे की, आक्का."

"बरी असतीस तर पडली असतीस!"

सगळ्यांना ते पटलं. धोंडाजीला तर रात्री झोप लागेना. त्याने सकाळीच डॉक्टर साळिंदरांना बोलावलं.

डॉक्टर साळिंदर सात डोंगरांपलीकडे शिकून आले होते. कोण असं का वागतो, हे ते शरीर तपासून सांगत. कोल्हा चोरी का करतो, याचं कारण त्यांनी त्याच्या शेपटीच्या मुळाशी असलेल्या एका ग्रंथीत शोधून काढलं होतं. तेव्हापासून कोल्ह्याला फार हलकं वाटत होतं. चोऱ्या तो करतच होता, पण आता निर्धास्तपणे.

डॉक्टरांनी आपल्याच पाठीचा एक काटा उपटला आणि कवडीच्या कानातून थेंबभर रक्त काढलं. ते हुंगलं. मग वही उघडली.

"तुमच्या आई कधी थांबल्या होत्या?"

"एकदाच. तेव्हा तिचा पाय मोडला होता."

"आजी?"

"ती आंब्याखाली थांबायची. सावलीला."

"तीन पिढ्या!" डॉक्टर हळहळले. "थांबणं तुमच्या रक्तातच आहे, बाई."

"डॉक्टर, तसं नाही हो," कवडी म्हणाली. "बोरीने मला विचारलं, आई, पुढे काय आहे? तिला काय सांगू म्हणून मी मान वर केली. पाहते तर पुढे विहीर."

"हे झालं लक्षण. मी कारण विचारतोय."

"विहीर, डॉक्टर."

"विहीर शरीरात कुठे असते?"

कवडीने खरंच विचार करून पाहिला. "शरीरात नसते," ती म्हणाली.

"मग ती माझ्या विषयात येत नाही. माझं शिक्षण सगळं आतलं आहे."

हसू नका, बाळांनो. माणूस शिकलेला होता. म्हणजे साळिंदर शिकलेलं होतं.

निदान असं निघालं की, कवडीच्या गळ्यात एक थांबग्रंथी आहे. ती सुजली की मान वर उठते, आणि मान वर उठली की विहीर दिसते. उपाय एकच. मानेला लोढणं. पळपुट्या गुरांच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवतात ना, तेच. डॉक्टरांनी चांगला जाड ओंडका निवडला आणि लांबलचक वेलीचे सात वेढे घालून तो कवडीच्या मानेला बांधला. तिची मान खाली गेली, ती खालीच राहिली.

"आता मुलीला आणा," डॉक्टर म्हणाले.

कवडी बोरीच्या आडवी उभी राहिली. "तिला कशाला? तिची मान अजून पालवीच्या देठाएवढी आहे. मला वाटल्यास दोन ओंडके बांधा, पण तिला राहू द्या."

"रोग आईकडून लेकीकडे जातो. शिवाय प्रश्न तिनेच विचारला होता."

"लेकरंच ती. विचारणारच."

"बाकीची कुठे विचारतात?" भागाक्का म्हणाली. "माझ्या सहा लेकरांनी कधी ब्र काढला नाही. एकापाठोपाठ एक पडली गुणी बाळं."

बोरीला लहान लोढणं बांधलं. येत्या सोमवारी दोघींची परीक्षा ठरली. पडल्या, तर बऱ्या झाल्या. नाही पडल्या, तर बोरीला याहून मोठं लोढणं.

त्या आठवड्यात हत्तीमामाही डॉक्टरांकडे गेले. त्यांची सोंड सुजून भोपळ्यासारखी झाली होती.

"कशाने सुजली?" डॉक्टरांनी विचारलं.

"मेंढरं उचलून उचलून."

"मेंढरं शरीरात कुठे असतात?"

हत्तीमामांनी आपलं पोट चाचपून पाहिलं. डॉक्टरांनी त्यांना डोंगरापलीकडे महिनाभर विश्रांतीला धाडलं. सोमवारी मेंढरांना वर कोण काढणार, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. कसा पडेल? प्रश्न पडणं हा आता आजार होता.

सोमवार उजाडला. कळप निघाला. या वेळी कवडीला मधोमध ठेवलं होतं. पुढे एकोणीस, मागे वीस. लोढणं गुडघ्यांवर आदळत होतं. बोरी पोटाला चिकटून चालत होती. डॉक्टर वही घेऊन झुडपाआड बसले होते.

पुढून आवाज आला. धप्प. मग धप्प धप्प धप्प.

"आई, पुढे काय आहे?" बोरीने मान खाली ठेवूनच विचारलं.

"विहीर."

"मग आपण का चाललोय?"

कवडीने मान वर करायचा प्रयत्न केला. जमेना. पुन्हा केला. वेल गळ्यात रुतली. ओल्या दगडाचा वास अगदी नाकाशी आला. तेव्हा तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. लोढणं मानेला होतं. गुडघ्यांना नव्हतं.

कवडी खाली बसली. "बोरी, बस."

बोरी बसली. कवडीच्या मागे भागाक्का होती. तिने पुढचीकडे पाहिलं. "आता बसायचं असतं वाटतं," ती म्हणाली, आणि बसली. तिच्या मागची बसली. अशी वीसच्या वीस बसली.

"साथ!" डॉक्टर झुडपातून ओरडत आले. "एकदम साथ!" ते एकेकीचा गळा चाचपू लागले. सगळे गळे एकत्र दिसावेत म्हणून एक पाऊल मागे सरले. मग आणखी एक.

धप्प.

विहिरीतून एकच कालवा उठला, कारण काटे सगळ्यांनाच टोचले. पाणी थंड होतं आणि हत्तीमामा डोंगरापलीकडे होते. धोंडाजीचे दात वाजू लागले. बोरीने आईच्या गळ्यातली गाठ दातांनी कुरतडली. वेलीचे सात वेढे सुटले. ओंडका विहिरीत सोडला, तेव्हा वेल थेट पाण्यापर्यंत पोचली. खालच्यांनी ओंडक्याला शिंगं अडकवली, दात रोवले. कवडीने वर वेलीचं टोक धरून ओढलं.

"आता ओढायचं असतं वाटतं," भागाक्का म्हणाली. मग सगळ्यांनीच ओढलं.

एकोणीस मेंढरं वर आली. डॉक्टरांना सगळ्यांच्या शेवटी काढलं, कारण त्यांच्याजवळ ओंडका धरायला कुणी तयार होईना.

"डॉक्टर, तुम्ही का पडलात हो?" कवडीने काळजीने विचारलं.

डॉक्टरांनी ओल्या पाठीचा काटा उपटला आणि स्वतःच्या कानातून थेंबभर रक्त काढलं. "आमच्या घराण्यात कुणी पडलं होतं का, ते आठवतोय," ते म्हणाले.

"डॉक्टरकाका," बोरी म्हणाली, "विहिरीला कठडा का नाही?"

डॉक्टरांनी तिचा गळा चाचपला. मग भिजलेल्या वहीत लिहिलं: मायलेकी दोघी असाध्य. औषध बंद.

औषध बंद, म्हणून बोरीचंही लोढणं सुटलं. कवडीने तिची मान चाटली, आणि पुढे कितीतरी दिवस ती चाटतच राहिली. लोक तिला 'बिचारी' म्हणतात. ती आता सोमवारी लेकीला घेऊन विहिरीला वळसा घालून जाते. बाकीच्यांचे उपचार नीट चालू आहेत. विहीरही तिथेच आहे. तिला ना नाडी, ना रक्त. डॉक्टर तरी काय करणार?

तात्पर्य: मुलांनो, विहिरीत पडलात तर घाबरू नका, आधी रक्त तपासून घ्या. कठड्याचं मागाहून बघता येईल. आणि घरात कुणी 'पुढे काय आहे' असं विचारू लागलं, तर त्याला लवकरात लवकर असाध्य ठरवून घ्या. तेवढीच एक मान वाचते.