झुंबरबाईंचा घास

मेहकरला मुलगी पाहायला निघायच्या दिवशी झुंबरबाईंनी नवऱ्याला आणि मुलाला ओसरीवर उभं केलं आणि ताकीद दिली, की ऑपरेशनाचा विषय तिथे कोणी काढायचा नाही. रंगरावांनी मान डोलावली. प्रज्वलनेही डोलावली. त्याला मुलगी फोटोतच पसंत पडली होती, त्यामुळे आईने त्या दिवशी काहीही सांगितलं असतं तरी त्याने मान डोलावलीच असती.

चार महिन्यांपूर्वी झुंबरबाई नागपूरला जाऊन पोट लहान करून आल्या होत्या. गुडघे गेले होते, साखर वाढली होती, आणि डॉक्टरांनी दुसरा उपाय नाही असं सांगितलं होतं. पण उंद्रीसारख्या गावात हे सांगणं त्यांना अवघड वाटलं. पैसे मोजून उपाशी राहण्याची सोय करून आली म्हणून गावभर हसं झालं असतं. म्हणून वजन कशाने उतरलं असं कोणी विचारलं, की त्या 'सकाळी कोमट पाणी आणि चालणं' एवढंच सांगत. परिणाम असा झाला, की उंद्रीतल्या निम्म्या बाया पहाटे लिंबू पिळलेलं कोमट पाणी पिऊन चिखलीच्या रस्त्याने चालायला लागल्या. त्यांच्यात कोणाचं वजन तसूभर उतरलं नाही, आणि त्या रोज झुंबरबाईंना विचारत की आमचं काय चुकून राह्यलं. आता मागे फिरायची सोय उरली नव्हती.

खरी पंचाईत मात्र वेगळीच होती. ऑपरेशननंतर पातळ खायची सवय लागली ती सुटेना. वरणाचं पाणी, ताक, पेज हे कसं सरसर खाली उतरायचं. त्यावर दिवस बरे चालले होते, पण एक दिवस कंगव्यात मूठभर केस आले. तपासणीला गेल्यावर तिथल्या आहाराच्या मॅडमनी, सुनेच्या वयाच्या असलेल्या, त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. पातळ पोटातून घसरून जातं, अंगाला काही लागत नाही. ताटात आधी प्रोटीन, तेही घट्ट. पनीर, डाळीचं काही, अंडी. मग भाजी. पोळी आणि भात जागा उरली तर. घास पीठ होईपर्यंत चावायचा आणि जेवताना पाण्याला हात लावायचा नाही. हे केलं नाही तर मुलाच्या लग्नात अंबाड्याला केस उरणार नाहीत, असंही त्या मॅडम म्हणाल्या, आणि ते मात्र झुंबरबाईंच्या काळजाला लागलं.

तेव्हापासून त्या घट्ट खाऊ लागल्या. एकदा शेजारणीशी बोलता बोलता सोयाबीनची वडी अर्धवट चावून गिळली गेली आणि छातीत अशी बसली, की बाई अंगणात येरझारा घालत राहिल्या. त्या दिवसापासून त्यांनी नेम केला, तोंडात घास असताना बोलायचं नाही. रंगरावांना लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच जेवताना डोक्यावरच्या पंख्याचा आवाज ऐकू आला. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांबद्दल रंगरावांच्या मनात फार आदर होता.

मेहकरला मुलीच्या वडिलांचं, वामनरावांचं, शेतीच्या अवजारांचं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. स्थळ आणलं होतं त्यांच्या मेव्हण्याने, गुलाबरावांनी. गुलाबरावांनी पूर्वी कधीतरी एका लग्नात झुंबरबाईंना जेवताना पाहिलं होतं आणि ते दृश्य ते विसरले नव्हते. आपल्या बहिणीला, म्हणजे मुलीच्या आईला, सत्यभामाबाईंना, त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं, की मुलगा साधा आहे, बाप गरीब गाय आहे, तिथे चालतं ते आईचं, आणि त्या बाईला फक्त जेवणाने जिंकता येतं.

दारात मात्र ते झुंबरबाईंकडे बघतच राहिले.

"ताई, तुम्ही तर अर्ध्या झाल्या."

"कोमट पाणी," झुंबरबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

बैठकीत लालभडक नवाकोरा सोफा होता. चहापाणी झालं, मुलगी, वैष्णवी, येऊन बसली, अमरावतीला फार्मसी शिकल्याचं तिने सांगितलं. झुंबरबाईंना मुलगी आवडली. नजर सरळ होती, आणि उगाच लाजत नव्हती. त्यांनी मनात होकार भरूनही टाकला होता. तेवढ्यात पानं वाढल्याची वर्दी आली.

झुंबरबाईंनी ताटावरून नजर फिरवली. पुऱ्यांची चळत, मसालेभात, श्रीखंड, गुलाबजाम, भजी, कढी, पातोडीचा रस्सा आणि मधोमध पनीरची भाजी. पूर्वीच्या झुंबरबाईंनी हे ताट बघता बघता पुसून दुसऱ्या वाढपाची वाट पाहिली असती. आताच्या झुंबरबाईंनी मॅडमचं स्मरण केलं. पुऱ्या हळूच बाजूला सारल्या. भात त्याच्याही पलीकडे ढकलला. मग भाजीतून पनीरचा एक तुकडा वेचून काढला, त्याचा रस्सा वाटीच्या काठावर निपटला, त्याचे चार भाग केले आणि एक भाग तोंडात घालून डोळे मिटून चावायला सुरुवात केली. डोळे मिटल्याने चावे मोजणं सोपं जायचं.

सत्यभामाबाई श्रीखंडाचं भांडं घेऊन समोर उभ्या होत्या. त्यांनी बाजूला पडलेल्या पुऱ्या पाहिल्या. त्यांनी ते डोळे मिटून चाललेलं चावणं पाहिलं. जबडा हलतोय, हलतोय, थांबायचं नाव नाही.

"पनीर कसं झालं, ताई?" त्यांनी विचारलं.

झुंबरबाईंनी डोळे उघडले आणि 'थांबा' या अर्थी एक बोट वर केलं. चावणं सुरूच. बोट वर, नजर सत्यभामाबाईंवर, तोंडातून शब्द नाही. सत्यभामाबाईंनी श्रीखंडाचं भांडं या हातातून त्या हातात घेतलं. त्यांनी आयुष्यात अनेक पाहुणे जेवू घातले होते, पण एका तुकड्याची अशी झडती कोणी घेतलेली पाहिली नव्हती.

"खरं सांगून टाकते, ताई," त्या एकदम म्हणाल्या. "ते पनीर घरचं नाही. चिखली रोडच्या ढाब्यावरून आणलं. तुमाले कळलंच असन."

झुंबरबाईंना यात काही वावगं दिसलं नाही. 'असू द्या' म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. सत्यभामाबाईंना ती मान 'मला पहिल्या चाव्यालाच कळलं होतं' अशी वाटली. श्रीखंडाचं भांडं टेबलावर ठेवून त्या खुर्चीवर बसल्या.

प्रज्वलने टेबलाखालून वडिलांच्या पायाला पाय लावला. काहीतरी बोला, असा त्याचा अर्थ होता. रंगरावांनी पुरीचा घास गिळून सांगितलं, की तिचं तसंच असते, तुम्ही मनाले लावून घेऊ नका. यामुळे सगळ्यांनी ते जास्तच मनाला लावून घेतलं.

झुंबरबाईंनी आता पातोडीकडे मोर्चा वळवला. बेसनाची, म्हणजे डाळीचीच, मॅडमच्या हिशेबात बसणारी. पातोडीचा तुकडा तोंडात गेला आणि पुन्हा डोळे मिटले. यावेळी सत्यभामाबाईंनी विचारलंही नाही. गुलाबरावच घसा खाकरून म्हणाले, की पातोडी त्यांच्या बायकोने केली, सकाळी डब्यात घालून आणली, आणि मसालेभातही तिचाच. झुंबरबाईंनी मान हलवली. भजी बाजारातली आहेत, असं मग सत्यभामाबाईंनी कोणी न विचारता सांगितलं. श्रीखंड तर विकतचंच, डब्यावर कंपनीचं नावच लिहिलेलं असते, असं म्हणून त्यांनी पदर डोळ्याला लावला.

पाहुणीला ठसका बसेल म्हणून वामनरावांनी पाण्याचा पेला पुढे केला. झुंबरबाईंनी पेल्याकडे पाहिलं, मग वामनरावांकडे पाहिलं, आणि ठामपणे मान नकारार्थी हलवली. जेवताना पाणी म्हणजे त्यांच्यासाठी विषासमान, पण हे वामनरावांना कुठून कळणार. आपल्या हातचं पाणीसुद्धा ही बाई घेईना म्हटल्यावर त्यांचा धीर सुटला.

"ताई, तो सोफा आमचा नाही," ते म्हणाले. "शेजारच्याचा आहे. सकाळी चौघांनी मिळून आणला. त्याच्या घरी आता बसायले काही नाही, म्हणून तो बिचारा दोनदा दारातून डोकावून गेला."

सोफ्याचं ऐकून झुंबरबाईंना हसू फुटलं, आणि हसू दाबायच्या नादात घास अर्धाच चावलेला असताना खाली गेला. जायचा तिथे तो गेला नाही. छातीच्या मधोमध बसला. डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहायला लागलं, आणि त्या तोंडाला पदर लावून खुर्ची मागे सारत उठल्या. स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात निघून गेल्या.

मुलाची आई ताटावरून रडत उठून गेली, याचा अर्थ सांगायला कोणाची गरज नव्हती. वामनरावांनी उसासा टाकला आणि गुलाबरावांना म्हणाले, की चला, निदान त्याचा सोफा तरी देऊन टाकू. रंगराव मदतीला उठले. आपण पाहुणे आहोत हे त्यांच्या लक्षात येईपर्यंत सोफ्याचं एक टोक त्यांच्या हातात होतं.

मागच्या अंगणात झुंबरबाई पेरूच्या झाडाखाली छाती चोळत फेऱ्या मारत होत्या. वैष्णवी त्यांच्या मागोमाग आली. तिने आधी आजूबाजूला पाहिलं, मग हात मागे बांधून शाळेत उभं राहावं तशी उभी राहिली.

"काकू, घरच्यांवर रागावू नका. दोष माझा आहे. मले स्वयंपाक येतच नाही, म्हणून त्यांले हे सगळं करावं लागलं. पोळी लाटली तर नकाशा होते. मले फक्त अंडे येतात."

झुंबरबाई फेऱ्या मारायच्या थांबल्या. त्यांना एक उचकी लागली. त्या उचकीसरशी घास कुठल्याकुठे सुटून खाली उतरला आणि जेवायला बसल्यापासूनचा पहिला शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडला.

"कशे?"

"कशे म्हंजे?"

"उकडलेले येतात, का भुर्जी?"

वैष्णवीने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. थट्टेचं चिन्ह दिसेना. मग तिने सांगितलं, की वसतिगृहात चार वर्षं विजेच्या किटलीवर आणि एका छोट्या शेगडीवर दुसरं काही करताच येत नव्हतं. उकडलेलं, अर्धं कच्चं, भुर्जी, कांदा घालून आम्लेट, टोमॅटोच्या रश्शात सोडलेलं, मसाला लावून तव्यावर परतलेलं. मैत्रिणी रांग लावून खायच्या.

ऐकता ऐकता झुंबरबाई पेरूच्या पारावर टेकल्या. मॅडमनी अंडी सांगितली तेव्हापासून त्यांच्या जिवाचे हाल चालले होते. उंद्रीच्या त्यांच्या चुलीवर सासूच्या काळापासून अंडं कधी चढलं नव्हतं. सवय नसल्यामुळे त्यांनी उकडलेलं अंडं एकतर चेंडूसारखं उसळायचं नाहीतर हातात फुटायचं. शेवटी त्या बाजाराच्या निमित्ताने चिखलीला जाऊन स्टँडजवळच्या गाडीवर, तोंडावरून पदर ओढून, अर्धी प्लेट भुर्जी खाऊन येत. गाडीवाला त्यांना ओळखायला लागला होता आणि गर्दीत 'मावशी, नेहमीचं ना' असं विचारायचा. हे सगळं त्यांनी त्या मुलीला सांगितलं. मग ऑपरेशनचंही सांगितलं, केसांचंही सांगितलं. इतक्या महिन्यांत ही गोष्ट त्या पहिल्यांदाच कोणाशी बोलत होत्या, आणि बोलताना मोकळं वाटलं.

"काकू, मग आत्ता तुमच्या पोटात कितीसं गेलं?" वैष्णवीने विचारलं.

"एक तुकडा पनीर अन् अर्धी पातोडी."

वैष्णवी गच्चीवरच्या आपल्या खोलीत गेली. तिच्या आईला स्वयंपाकघरात अंडं चालत नसे, त्यामुळे किटली वरच होती. थोड्या वेळाने ती एका बशीत दोन अंडी सोलून, मधोमध चिरून, मीठ-मिरी भुरभुरून घेऊन आली. झुंबरबाईंनी एक तुकडा तोंडात घातला. चावला, पुन्हा चावला. पांढरं घट्ट होतं, पिवळं मऊ होतं, आणि कुठेही काही अडकलं नाही.

त्या वैष्णवीचा हात धरून बैठकीत परतल्या, तेव्हा सोफ्याची जागा रिकामी होती आणि सगळे भिंतीला टेकून सतरंजीवर बसले होते. प्रज्वलचा चेहरा उतरला होता. झुंबरबाई सरळ त्याच्याशेजारी मांडी घालून बसल्या. गुडघे कमी दुखायला लागल्यापासून त्यांना मांडी घालता येत होती.

"पोरगी आमाले पसंत आहे," त्या म्हणाल्या. "तिले आम्ही पसंत आहो का, ते तिले विचारा."

वैष्णवीने हो म्हटलं. वामनरावांनी लगेच हात जोडले. सत्यभामाबाई मात्र हुशार बाई होत्या. त्यांनी आधी आतल्या टेबलावरच्या पाहुणीच्या ताटाकडे पाहिलं, जे होतं तसंच भरलेलं होतं, आणि जेवणात नेमकं काय चुकलं ते सांगितल्याशिवाय उठू देणार नाही असं म्हणाल्या.

झुंबरबाईंना वाटलं, या माणसांनी आपल्यापुढे सोफ्यापर्यंत सगळं कबूल केलं, आता आपण लपवणं बरं नाही. म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. नागपूर, ऑपरेशन, एवढंसं उरलेलं पोट, घट्ट प्रोटीन आधी, चावताना बोलायचं नाही, पाणी नाही. जेवणात काही चुकलं नव्हतं, ढाब्याचं पनीर तर फारच छान होतं. रंगरावांनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली.

सत्यभामाबाई ऐकत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले. त्या उठल्या आणि भावाला हाताने खूण करून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. दार नीट लागलं नव्हतं, त्यामुळे पुढचं बैठकीत सगळ्यांना ऐकू आलं.

"पाह्यलं का, भाऊ," त्या पदराने डोळे पुसत म्हणत होत्या, "आपलं जेवण गळ्याखाली उतरलं नाही, तर आपली लाज राखायले बाईनं पोटाचं ऑपरेशन झालं म्हणून सांगितलं. एवढ्या मोठ्या मनाची सासू पोरीले कुठं मिळन?"

झुंबरबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. रंगरावांनी डोळ्यांनीच विनवलं, की आता गप्प राहा.