सिस्टर वकील

कोर्टात उलटतपासणीला उभ्या राहिल्या की सिंधूबाई आधी साक्षीदाराला धीर द्यायच्या. "घाबरू नोका भाऊ, मुंगी चावल्यावाणी वाटन." मग असा प्रश्न टोचायच्या की साक्षीदार खिशात रुमाल शोधू लागे.

वकिलीच्या आधी त्या बरीच वर्षं दवाखान्यात नर्स होत्या. त्यामुळे आमच्या मूल गावात त्यांना कोणी वकीलबाई म्हटलं नाही, सगळ्यांच्या त्या सिस्टरच. एकदा न्यायाधीशांच्याही तोंडून ‘बोला सिस्टर’ निघून गेलं, आणि बाईंनी सवयीनं त्यांनाच विचारलं, "काय होऊन राह्यलं?"

वकिलीचं वेड त्यांना लागलं ते एका खटल्यात साक्षीला गेल्यावर. इथं नुसतं बोलायचं काम आहे आणि रातपाळी नाही, हे पाहून त्या भारावल्या. नोकरी करत नागपूरला कायदा शिकल्या.

पुढे राजकारणात आल्या. गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, ते दिवस. पक्ष निवडला तोही जुन्या वळणाचा, कारण बाईच जुन्या वळणाच्या. डोक्यावरचा पदर ढळत नसे आणि घटस्फोटाचा दावा त्या हातात घेत नसत. नवरा-बायको भांडत आले की दोघांना पथ्य सांगावं तसं सांगून परत पाठवायच्या.

मी त्यांचा शेजारी, शाळेत मास्तर, म्हणून भाषणं माझ्याकडून लिहून घेत. ‘बाईचं खरं राज्य तिच्या घरात’ हे वाक्य प्रत्येक भाषणात हवंच. हेच त्या आलापल्लीला जीपवर उभ्या राहून सांगत होत्या, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या घराला आठवडाभर कुलूप होतं. परतीच्या वाटेवर मी ते बोलून दाखवलं.

"माही गोष्ट येगळी आहे मास्तर," त्या म्हणाल्या. "मले घरात कोणी ठेवूनच घेतलं नाई."

लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवरा सिरोंच्याकडे निघून गेला होता आणि तिथं त्यानं दुसरा संसार मांडला होता. बाईंनी ते अगदी सहज सांगितलं. गळ्यात मंगळसूत्र मात्र होतं.

विधानसभेचं तिकीट त्यांना मिळायचं जवळजवळ ठरलं, त्याच सुमारास मंगला त्यांच्या दारात आली. पक्षाच्या तालुकाध्यक्षांची ती सून. हात गळ्यात बांधलेला. विहिरीवर पाय घसरला, म्हणाली. बाईंनी तिला खाटेवर बसवलं, हात कोपरापासून हळूहळू चाचपला. मग तिला चहा करून दिला. चहा पिता पिता मंगलानं खरं काय ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तालुकाध्यक्ष स्वतः आले. घरातली गोष्ट घरात मिटवू, पोरीला समजावून पाठवा, तुम्हीच नेहमी हे सांगता, असं त्यांचं म्हणणं. तिकिटाचा विषयही त्यांनी सहज काढावा तसा काढला. मी तिथंच बसलो होतो. मला वाटलं, बाई आता पथ्य सांगतील.

"जुना मोडलेला हात आहे भाऊ, अन् त्याच्यावर नवा मोडलेला," बाई म्हणाल्या. "विहिरीवर कोणी इतकं पडत नाई. पोरगी इथीच राहीन."

घटस्फोटाचा आपला पहिला दावा त्यांनी मंगलासाठी चंद्रपूरच्या कोर्टात दाखल केला. तिकीट दुसऱ्याला गेलं. पक्ष त्यांनी सोडला नाही. त्याच्या सभेला त्या जात, फक्त आता मागच्या सतरंजीवर बसत.

तिकीट गेल्याचं कळलं त्या संध्याकाळी मी आणि माझी बायको त्यांचं सांत्वन करायला गेलो. बाई चुलीपुढं होत्या. मंगला एका हातानं पाट मांडत होती. आम्ही निवडणुकीचं काढलं तर बाईंचं लक्षच नव्हतं. भात जरा मऊ झाला काय, एवढंच त्यांनी माझ्या बायकोला विचारलं.

मग ताट वाढून त्या पाटावर बसल्या आणि थोड्या अवघडल्या. मांडी नीट जमेना.

"लई वर्सं उभ्यानंच खाल्लं," पदर सारखा करत त्या म्हणाल्या. "एकटीसाठी पाट कायले मांडाचा?"

मंगलानं त्यांच्या पानात भात वाढला. बाईंनी नको म्हटलं नाही.