रुमालाची जागा

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांचा याकोबकाकांइतका कट्टर वैरी मी दुसरा पाहिला नाही. निवृत्त झाले तरी वडवणीच्या स्टँडवर संध्याकाळी उभे राहत आणि कुणाचा रुमाल सीटवर पडला की आत चढून तो मालकाच्या हातात देत. "जागा माणसाची आसती, फडक्याची न्हाई. हुकूम म्हंजे हुकूम!"

काका जन्मभर कंडक्टर. आमची आणि त्यांची भिंत एकच. अलीकडे आमची बुद्धवंदना, पलीकडे त्यांची प्रार्थना. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि याकोब झाले. आधीचं नाव विचारलं की म्हणत, "ती गाडी रद्द झाली."

धर्म बदलला, पण डोक्यातली एसटी काही सुटली नाही. चहा पितापिता मला तारणाचा मार्ग समजावून सांगत. "सर, विश्वास म्हंजे तिकीट. दुसऱ्याच्या तिकिटावर कुणाला बसता येत न्हाई, बायकोला बी न्हाई. आन् तिकीट काढलं म्हंजे झालं का? आज्ञा पाळाया नको? हात खिडकीभाईर काढला, तर तिकीट काय हात वाचवतंय?" मी आपला चहा संपवत असे.

बायकोलासुद्धा नाही, हा टोला इंदूकाकूंना असे. नवरा ख्रिस्ती झाला, काकू झाल्या नाहीत. त्यांच्या देव्हाऱ्यात अंबाजोगाईच्या योगेश्वरीचा टाक होता. "तिनं मला कदी सोडलं न्हाई, मी तिला कावून सोडू?" एवढं बोलून त्या स्वयंपाकाला लागत. पण दर रविवारी नवऱ्याबरोबर प्रार्थनाघरापर्यंत जात आणि बाहेर लिंबाखाली मेथी निवडत बसत. काका आतून खूण करत, "ये की, जागा हाय." काकू हसून मान हलवत.

काकूंच्या आवडीचा किस्सा एकच. त्यांच्या वडिलांनी एकदा बीडच्या गाडीत खिडकीतून पटका टाकून जागा धरली. कंडक्टर जावईच! जावयानं पटका परत दिला, वर सुनावलं, "मामा, ज्यानं नियम मोडला त्यानं हुभं ऱ्हायाचं." सासरेबुवा बीडपर्यंत दांडा धरून उभे, आणि पुढं कित्येक दिवस जावयाशी अबोला. काकू हा किस्सा सांगताना पदर तोंडाला लावून हसत. काका गंभीरपणे म्हणत, "मंग? हुकूम म्हंजे हुकूम."

पावसाळा सरता सरता काकू आजारी पडल्या आणि आठवड्याभरात गेल्या. काकूंच्या भावांनी आपल्या रीतीनं अग्नी दिला. काका स्टँडवर जाईनासे झाले. एका सकाळी भिंतीवरून त्यांनी मला हाक मारली.

"सर, बिगर तिकिटाच्या माणसाला गाडीतून उतरवायचं, आसा नियम हाय. मी लई लोकं उतरवली." मग भिंतीवर हात टेकून म्हणाले, "हिला कुणी उतरवलं आसंल का वो?"

मी पडलो शाळेचा मास्तर. प्रार्थनाघरातल्या पाळकसाहेबांना विचारा, एवढंच म्हणालो. "इचारलं," काका म्हणाले. "ते म्हणले, देवाची दया मोठी हाय. पर नक्की सांगत न्हाईत."

नाताळला त्यांनी आम्हाला बोलावलं. प्रार्थनाघर गच्च भरलेलं, प्लास्टिकच्या खुर्च्या कमी पडलेल्या. काका पुढच्या रांगेत बसले होते आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर घडी केलेला पांढरा रुमाल होता.

तेवढ्यात चकलांब्याहून आलेली एक म्हातारी काठी टेकत आत शिरली. तिला आणणारा पाहुणा काकांना ओळखणारा होता. तो हसून म्हणाला, "कंडक्टर, रुमाल उचला की! नियम तुमचाच हाय."

लोक हसले. मलाही हसू आलं.

काका उठले. रुमालाला हात न लावता त्यांनी म्हातारीचा दंड धरून तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलं.

"आन् ही जागा?" पाहुण्यानं विचारलं.

"ह्या जागंचं माणूस यायाचं हाय."

"आवो, पर नियम?"

"मोडला की," काका म्हणाले. "म्हणून तर हुभा ऱ्हातो."

आणि पाळकांचा उपदेश संपेपर्यंत ते त्या रिकाम्या खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.