खणणाऱ्यानं पाणी पिऊ नये

एका जंगलात कुणीच काही करत नसे.

दचकू नका मुलांनो. कामं व्हायची. वाटा साफ व्हायच्या, वादळात पडलेली झाडं बाजूला सारली जायची, चिखलात रुतलेलं पाडस बाहेर काढलं जायचं. पण काम झालं, की ते करणाऱ्यानं आश्रमापुढे जाऊन, डोळे मिटून तीनदा म्हणायचं, "मी नाही केलं. मी नाही केलं. मी नाही केलं." दुधाचं पातेलं लवंडल्यावर तुम्ही म्हणता ना, अगदी तसंच. तुम्हाला त्यावर धपाटा मिळतो. तिथं त्याला निरहंकार म्हणत आणि वर गळ्यात हार घालत.

ही रीत घालून दिली होती निर्मोहीबुवांनी. बुवा म्हणजे एक म्हातारं सांबर. त्यांची शिंगं अशी ऐसपैस, की त्यांवर एका वेळी अकरा हार मावत. रोज अकराच्या अकरा असत. "हे हार मला नव्हेत, त्याला आहेत," असं म्हणून बुवा डोळ्यांनीच वर आभाळाकडे खूण करत. मान हलवत नसत. मान हलवली की हार पडत.

बुवांचा चिटणीस होता भिकोबा रानडुक्कर. अंगानं दणकट, नाक तर पहारीसारखं. पण आश्रमात आल्यापासून त्या नाकानं मातीचा कणही उकरला नव्हता. कंदमुळं भक्तगण आणून देत. जंगलात कुणी "हे मी केलं" असं म्हणतंय का, एवढंच तो कान टवकारून ऐकत फिरायचा. फार कष्टाचं काम. तुम्ही करून बघा.

एका उन्हाळ्यात नदी आटली.

आता, नदी आटली तरी वाळूखाली पाणी असतं. वाळूत खोल खड्डा खणला, की तळाशी पाणी पाझरून साचतं. त्याला झिरा म्हणतात. हे जंगलात सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा बुवांनी काय केलं? बरोबर. प्रवचन ठेवलं. विषय : 'तहान ही देहाची, आत्म्याची नव्हे'. गर्दी भरपूर झाली. आत्मे डोलत होते आणि देहांच्या जिभा बाहेर लोंबत होत्या.

शेवटी एका भेकरानं भीत भीत विचारलं, "बुवा, झिरा खणायचा का?"

"अवश्य," बुवा म्हणाले. "कोण खणतंय?"

गवा पुढे आला. "खणायला माझी ना नाही. पण एवढं मोठं काम माझ्या हातून झालं, तर मला गर्व होईल. माझा स्वभाव मला ठाऊक आहे."

"किती ही स्वतःची ओळख!" बुवा गहिवरले. गव्याला एक हार मिळाला.

हे पाहून माकडालाही आपला स्वभाव ठाऊक झाला. मग कोल्ह्याला. मग सशाला. सशासारखा ससा, त्यालाही म्हणे फार गर्व व्हायचा होता! संध्याकाळपर्यंत हार संपले. झिरा खणला गेला नाही.

त्या प्रवचनाला एक जण आली नव्हती. गोदी. गोदी म्हणजे खवल्या मांजर. अंगभर खवले, पुढच्या पायांना लांब नख्या आणि शेपटीच्या बुडाशी घट्ट चिकटून बसलेलं एक पिल्लू. पिल्लू दोन दिवस ओरडलं नव्हतं. आई झालेल्या कुणालाही विचारा, ओरडणाऱ्या पोरापेक्षा न ओरडणाऱ्याची धास्ती जास्त.

गोदी नदीत उतरली आणि वाळू उकरू लागली. कडा ढासळायच्या, ती परत उपसायची. चार दिवस तिचं हेच चाललं. नख्या झिजून निम्म्या झाल्या. पाचव्या दिवशी सकाळी तळाशी वाळू काळी पडली, ओलावली, आणि मग पाणी आलं. गार, नितळ पाणी.

पाण्याचा वास लपत नाही. गोदी पिल्लाला खाली उतरवते न उतरवते तोच सगळं जंगल काठावर हजर. पुढे बुवा, मागे भिकोबा.

"हा झिरा कुणी खणला?" बुवांनी विचारलं.

"मी," गोदी म्हणाली.

सशानं कानांवर पंजे ठेवले.

"अगं, असं नाही म्हणायचं," भेकर तिच्या कानाशी कुजबुजलं. "मी नाही केलं, असं म्हण. तीनदा."

"पण मीच खणलाय ना? या नख्या बघा की."

"नख्या दाखवते!" भिकोबा किंचाळला. "पुरावे देते! लिहून घ्या, पुरावे देते!"

बुवांनी शांतपणे डोळे मिटले. "गोदे, अहंकार ही आग आहे. त्या आगीला पाणी घालू नये."

"आगीला पाणीच घालतात, बुवा," गोदी म्हणाली.

बुवांना हे आवडलं नाही. त्यांनी निकाल दिला. खणणं हे कर्म, पाणी हे फळ. कर्म करणाऱ्यानं फळाची आशा धरायची नसते. तेव्हा ज्यानं खणलं त्यानं पिऊ नये. बाकीच्यांनी काहीच केलेलं नसल्यानं त्यांना अहंकार व्हायचा संभव नाही. त्यांनी पोटभर प्यावं.

आणि ते प्यायले. गवा प्यायला, माकड प्यायलं. भेकर प्यायलं, पण मान खाली घालून. बुवा सगळ्यांत शेवटी प्यायले, कारण ते नम्र होते. आणि सगळ्यांत जास्त प्यायले, कारण ते मोठे होते.

गोदी बघत होती. पिल्लू तिच्या पायाशी ओली वाळू चाटत होतं. तिला रडू आलं. मग तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "मी नाही केलं. मी नाही केलं. मी नाही केलं. आता पिऊ दे हो माझ्या लेकराला."

"हे तू कशासाठी म्हणालीस?" बुवांनी हळूच विचारलं.

"पाण्यासाठी."

"पाहिलंत?" बुवा सगळ्यांकडे वळले. "म्हणजे फळाची आशा आहेच! हा तर पहिल्यापेक्षा मोठा दोष."

धन्य धन्य, असं सगळे म्हणाले. मला विचाराल तर मुलांनो, त्या वेळी त्या सांबराच्या कमरेत कुणी तरी एक लाथ घालायला हवी होती. पण तसं केलं असतं तर लाथ मारणाऱ्याला गर्व झाला असता.

गोदीनं पिल्लाला शेपटीवर घेतलं आणि ती नदीच्या वळणापलीकडे निघून गेली.

इकडे झिऱ्यावर रोज झुंबड. खुरांखाली कडा ढासळू लागल्या. झिरा रोज उपसावा लागतो. रोज उपसणारी तर निघून गेली होती. तिसऱ्या दिवशी तिथं नुसती वाळू उरली. मग सगळं जंगल गोदीला शोधत वळणापलीकडे गेलं.

तिथं वाळूत एक भोक होतं. अरुंद, तिरपं, खोल. आतून लपलप आवाज येत होता. थोड्या वेळानं गोदी बाहेर आली. मागोमाग पिल्लू. पिल्लू आता चांगलं ओरडत होतं.

"पाणी आहे?" बुवांनी विचारलं.

"आहे. मी खणलं. माझ्या मापाचं खणलं."

बुवांनी वाकून बघितलं. शिंगं भोकाच्या कितीतरी बाहेर राहिली. "आणि आमच्यासाठी?"

"तुम्हाला उगाच फळाची आशा लागायची, बुवा. पाणी इथं फार खोल नाही. खुरांनी जरा उकरा, लागेल."

सगळे बुवांकडे बघू लागले. बुवा आभाळाकडे बघू लागले. "त्याची इच्छा असेल तर तो उकरून घेईल," असं म्हणून ते वाट बघत उभे राहिले. ऊन चढलं. आभाळातून कुणी उकरायला आलं नाही.

सगळ्यांत आधी भिकोबाचा धीर सुटला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि नाक वाळूत खुपसलं. हुंकार देत, धापा टाकत तो उकरत सुटला. किती वर्षांनी! दुपार कलायच्या आत त्याच्या नाकाला गार लागलं. भलं मोठं डबकं भरू लागलं.

"मी काढलं!" भिकोबा नाचायला लागला. "अहो, मी पाणी काढलं! मी!"

"भिकोबा!" बुवा गरजले. "हा अहंकार! खबरदार पाण्याला तोंड लावशील तर! सरक बाजूला, भक्तांना येऊ दे."

भिकोबानं बुवांकडे पाहिलं. मग पाण्याकडे पाहिलं.

त्यानं आज्ञा मोडली नाही. पाण्याला तोंड लावलं नाही. तो त्यात बसला. मग आडवा झाला. मग या कुशीवरून त्या कुशीवर मनसोक्त लोळला.

तात्पर्य : कर्म करावं, फळाची आशा धरू नये, ती धरायला काठावर साधुपुरुष उभे असतातच. मात्र ते प्यायला वाकायच्या आत आपण त्यात एकदा लोळून घ्यावं.