आप्पासाहेबांची बाभळीची रास

जळणातलं काटेवाडीत आप्पासाहेबांइतकं कुणाला कळत नव्हतं. निदान आप्पासाहेबांचं तसं ठाम मत होतं! लिंब धूर करतो, सुबाभूळ भसकन पेटून तेवढ्याच घाईनं विझते, शेवगा तर लाकूडच नव्हे, नुसता भेंड! जळण एकच, बाभळीचं! म्हणून सत्तरी लागताच त्यांनी स्वतःच्या सरणासाठी गोठ्यामागं पत्र्याखाली बाभळीची रास रचली. आल्यागेल्या पाहुण्याला म्हशीच्या आधी ती दाखवायची! बायकोला, कौसल्याबाईंना, ताकीद होती, "हात लावायचा न्हाय. माझ्या मातीला आलेल्यांच्या डोळ्यांत धूर जाता कामा नये!"

आठ वर्षांनी कौसल्याबाईच आधी गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. आप्पासाहेब भिंतीला टेकून बसले ते हलेचनात. मुलानं, रविराजनं, लाकडांचा विषय काढला तेव्हा मात्र ते उठले. जन्मभर तिला चुलीच्या धुरात बसवलं; निदान शेवटची आग तरी तिला चांगली मिळू दे, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"माझी रास काढा! सगळी!"

रविराजनं पुढची ओळ ओढली. बाभूळ, खणखणीत! मागची ओढली. शेवगा! त्याच्यामागंही शेवगा, आणि अगदी आत उसाचं पाचट!

"चोरी!" आप्पासाहेब गरजले. "कुणी नेली माझी बाभूळ?"

शेजारच्या सिंधुबाई पदर सावरत पुढं आल्या. "चोरी न्हाय आप्पा. वैनींनीच जाळली. थंडीत रोज तुमच्या अंघोळीच्या पाण्याला. मागनं काढायच्या, शेवगा कोंबायच्या, पुढची वळ तशीच ठेवायच्या."

"पर का?"

"म्हनायच्या, सरण रचून ठिवलं की मानसाला जायची घाई हुती. लाकडंच न्हाईत म्हटल्यावर म्हातारा जातोय कसा!"



लाकडांची वखार बारामतीत, आणि दिवस कलायला लागलेला. शेजाऱ्यांनी ओला लिंब आणून टाकला, बाभळीची ती एकच ओळ, बाकी सगळा शेवगा. सरण पेटलं कमी, धुमसलं जास्त! माणसं खोकून बेजार झाली. कन्हेरीचे व्याही डोळे चोळत म्हणाले, "आवं आप्पासाहेब, तुमी एवढं जाणकार! ही कसली लाकडं लावली?"

सगळे मागं सरकले होते. आप्पासाहेब तेवढे धुरात उभे होते.

"मला काय कळतंय त्यातलं," ते म्हणाले. "जळणाचं सगळं तीच बघायची."