अर्ध्या दाराची चोरी

खासगी गुप्तहेर असलेल्या भाऊजींच्या मते सृष्टीत रहस्ये निर्माण झाली ती केवळ त्यांची नजर रिकामी राहू नये म्हणून. भिंगातून पाहत चालताना ते उंबऱ्याला अडखळले, तर उंबराच संशयित ठरे. बहिणीच्या शब्दाखातर मेहुण्याने त्यांचे सहायकपद पत्करले होते. तेव्हापासून एक हळवी उदासी त्याच्या खांद्यावर शालीसारखी पांघरलेली असे.

त्या सकाळी छत्र्यांच्या कारखान्यात मालक भाऊजींसमोर घाम पुसत उभा होता. "आज कामगार खात्याचे निरीक्षक येणार. आगीच्या वेळी पळायला दुसरं दार नसेल, तर कारखान्याला सील! या बायकांनी जायचं कुठं? मी बाहेरगावी असताना दार गेलं हो. बाहेरून दिसतं, आतून नाही! बाकी नियम चोख पाळलेत. सुरक्षेच्या सामानाला हे एवढं कपाटसुद्धा फोनवरून मागवलं."

शिलाई मशीनवरची एक बाई उठली. "साहेब, ते कपाट..."

"साक्षीदारांनी मध्ये बोलू नये," भाऊजी त्याच कपाटाला टेकून म्हणाले. "चोरानं फक्त आतली बाजू नेली आहे."

"भाऊजी, अर्धं दार घेऊन तो करणार काय?" मेहुण्याने विचारले.

"उरलेल्या अर्ध्यासाठी परत येणार!" क्षणभर विचार करून त्यांनी तर्क बदलला. "किंवा कुणीतरी इमारतच फिरवून ठेवली आहे. तुमचं कुणा रेनकोटवाल्याशी वैर?"

इतक्यात कपाटातून धडधड ऐकू आली. भाऊजी चपळाईने मालकामागे गेले. "चोर आत आहे! मुकाट्यानं शरण ये!"

"शरण काय येऊ, मेल्या? आई आहे तुझी! डबा गार झाला. कडी काढ!"

"तेच सांगत होते," बाई म्हणाली. "दार कपाटामागं आहे."

सगळ्यांनी रेटून कपाट सरकवले. कडी निघाली आणि प्रकाशाबरोबर मालकाची आई आत आली. तिच्यामागून, तिनेच जवळची वाट दाखवलेले निरीक्षक. त्यांनी दार उघडून-मिटून पाहिले.

"दार उत्तम आहे. पण हे कपाट आता कुठं ठेवणार?"

मालक रिकामा कोपरा शोधू लागला. भाऊजी मात्र उजळले. "पुढच्या दारासमोर ठेवा. निदान ते तरी चोरीला जाणार नाही!"

निरीक्षकांनी खिशातून पेन काढले. ते कागदाला टेकण्याआधीच मेहुण्याने भाऊजींचा दंड घट्ट धरला आणि आणीबाणीत त्या दाराचा उपयोग कसा करावा, हे निरीक्षकांसमक्ष करून दाखवले.