इस्माईलचाचांची चिमणी

इस्माईलचाचांना कुणी "कसं काय?" विचारलं की ते आधी मान वर करून गिरणीच्या चिमणीकडे बघत आणि मग "बरं हाय" म्हणत. चिमणीतून काळा धूर निघत असला, तर उत्तर न देताच बॉयलरकडे पळत. त्यांची खुशाली विचारणं म्हणूनच जरा जोखमीचं काम होतं.

खोपोलीजवळच्या एका कागद गिरणीत मी टाइम ऑफिसात हजेरी मांडणारा कारकून होतो आणि चाचा बॉयलरवर. गोष्ट सत्तर सालच्या आसपासची. तेव्हा आम्हा सगळ्यांना धुराचं कौतुक. धूर दिसला म्हणजे गिरणी चालू आणि पगार नक्की. चाचांना मात्र काळा धूर म्हणजे स्वतःची बेअब्रू वाटे. बाकीचे फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा घालणारे, ढीगभर कोळसा एकदम लोटून बिडी ओढायला मोकळे होत. चाचा फावड्याने थोडा थोडा पसरत आणि दर दहा मिनिटांनी बाहेर येऊन वर बघत. इतक्या लांबून रेल्वेच्या वाघिणीतून आणलेला कोळसा अर्धाकच्चा आभाळात उधळायचा, हे त्यांना बघवत नसे.

एकदा चहा पिताना त्यांनी मला विचारलं, "सायबाच्या वहीत कोळशाचा भाव हाय. धुराचा कुठं हाय?" धूर जातो तिकडे बायका धुतलेले कपडे पुन्हा धुतात, आंब्याचा मोहोर काळवंडतो, डॉक्टरकडे रांग लागते, हे सगळं कोण भरतं, असा त्यांचा सवाल होता.

पुढे बॉयलर तपासायला आलेल्या एका इंजिनियरने त्यांना सांगितलं, की धूर दिसला नाही तरी कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू वर जातच असतो. चाचा दोन दिवस दर पाच मिनिटांनी बाहेर येऊन वर बघत राहिले. तिसऱ्या दिवशी स्वच्छ चिमणीकडे बघत म्हणाले, "दिसत नाय त्याचं पन कुनीतरी भरत असनार रं." मी तेव्हा हसलो होतो. आता लाज वाटते.

मग मुंबईहून बडे पाहुणे यायचे ठरले, सोबत फोटोग्राफर. मॅनेजरनी चाचांना बोलावलं. फोटोत चिमणीतून चांगला दाट काळा धूर दिसला पाहिजे, नाहीतर गिरणी बंद आहे असं वाटेल, असं त्यांचं म्हणणं. चाचांनी सरळ नकार दिला. तसं असेल तर उद्यापासून येऊ नका, असं मॅनेजर म्हणाले. चाचा फावडं भिंतीला टेकवून निघून गेले. धूर दुसऱ्या फायरमनने काढला आणि फोटो झकास आला.

संध्याकाळी मी मॅनेजरच्या नावे माफीचा अर्ज लिहिला आणि चाचांच्या घरी गेलो. वारा धूर घेऊन त्यांच्याच वस्तीकडे वाहत होता. असा ताठ माणूस माफीच्या अर्जावर सही करणार नाही, याची मला खात्रीच होती, तरी विचारून बघायचं ठरवलं.

दारं-खिडक्या बंद होत्या. चाचा खिडकीच्या फटीत ओल्या चिंध्या कोंबत होते. खाटेवर चाची दोन्ही हात टेकून, वाकून, एकेक श्वास ओढत होत्या. त्यांना दमा आहे हे चाचांच्या आठ वर्षांच्या ओळखीत मला ठाऊक नव्हतं. चाचांनी हळू आवाजात सांगितलं, की श्रीवर्धनला माहेरी त्यांना बरं वाटतं, पण त्या एकट्या तिकडे राहायला तयार नाहीत. मला माझ्या हसण्याची शरम वाटली आणि अर्जाचं नाव काढायची हिंमत होईना.

चाचांनीच माझ्या खिशातला कागद पाहिला. हात लुंगीला पुसून त्यांनी तो मागून घेतला, वाचलाही नाही.

"सही कुठं करायची ते दाखव," ते म्हणाले. "लवकर कर रं. बॉयलर दुसऱ्याच्या हातात हाय."